पहिल्या सहा महिन्यांचं भाडं कोण भरणार?

प्रश्न : ताई, मी पंचवटीत राहतो, शाळेत शिक्षक आहे. चार वर्षं झाली, आमच्या वस्तीतल्या पोरांना घेऊन एकांकिका बसवतोय. आईवडील बहुतेकांचे हमाली नाहीतर धुणीभांडी करतात. दोन-तीन पोरं खरंच चांगली आहेत, एकाला तर लाइट्सचं प्रचंड वेड आहे. त्यांना मुंबईला सिरियल-सिनेमाच्या कामाला लावायचंय पण ओळख कुणाचीच नाही. एकजण म्हणाले सहा महिने बिनपगारी शिकायला पाठवा, मग बघू. पाठवू का?

उत्तर : सर, बिनपगारी नका पाठवू. शिकायला मिळतंय ना मग पैशाचं काय एवढं, असं तुम्हाला दहा जण सांगतील, आणि ते वाईट मनाने सांगतात असंही नाही, पण त्यांच्या घरी कुणीतरी भाडं भरणारं होतं.

माझंच सांगते. मी पहिल्यांदा नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने कामाला गेले तेव्हा आम्ही तिघं होतो, कॉलेजच्या एकांकिकेतलेच. तिघांनाही एका सिरियलच्या कॉस्च्युमला घेतलं, पैसे नाहीत, जेवण आणि येण्याजाण्याचं भाडं, ते पण कधी मिळायचं कधी नाही. माझी मावशी कळव्याला राहायची. तिच्या हॉलमध्ये मी दीड वर्ष झोपले. आमच्यातला एकजण माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होता, कापड हातात घेतलं की त्याला कळायचं हे कॅमेऱ्यात कसं दिसणार, पण त्याला कॉटबेसिसचं, म्हणजे नुसत्या खाटेपुरत्या जागेचं, भाडंच जमेना, वर गावाकडे आईला पैसे पाठवायचे, अडीच महिन्यांत परत आला. आज सातपूरला कंपनीत आहे. त्याच्यात चिकाटी नव्हती असं अजूनही लोक बोलतात आणि मला दर वेळी राग येतो, कारण मी त्याला रात्री दोनला शर्टांना बटणं लावताना बघितलंय.

आणि सर, आपण नाशिकवाल्यांनी तर हे विसरायलाच नको. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या राजा हरिश्चंद्रात तारामती व्हायला एकही बाई तयार होईना म्हणून त्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना घेतलं. असं सांगतात की हॉटेलात त्यांना महिना १० रुपये मिळायचे, फाळक्यांनी १५ देतो म्हटलं. म्हणजे आपल्या सिनेमाची पहिली तारामती पाच रुपये जास्त मिळाले म्हणून आली, आणि त्याच साळुंकेंनी १९१७ ला लंकादहनमध्ये राम आणि सीता दोन्ही केले! पगार दिला म्हणून माणूस कामाला आला आणि मग त्याच्यातला नट दिसला. आज आपण उलटं करतो, आधी टिकून दाखव म्हणतो.

आता तुमच्या लाइटवाल्या पोराचं. त्याला थेट मुंबईला नका ढकलू. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करू दे, लोड म्हणजे काय, अर्थिंग म्हणजे काय हे कळलेला पोरगा कुठल्याही सेटवर लागतोच. तोपर्यंत आपल्या कालिदास आणि सायखेडकर नाट्यगृहांत प्रयोग असतात तिथे लाइट्स लावणाऱ्यांच्या हाताखाली घाला, राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र नाशिकला असतं तेव्हा तर रोज नवं नाटक आणि रोज नवी प्रकाशयोजना बघायला मिळते. नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, ठरवून घ्या, ३०० असो ५०० असो, पण ठरवून. मंडपवाल्यांकडे गणपतीत, लग्नसराईत रोजंदारी मिळते तीही कमी समजू नका.

मुंबईला जायची वेळ आली की फोनवरच तीन गोष्टी विचारा, शिफ्ट किती तासांची, शिफ्टचे किती आणि पैसे हातात कधी. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. टीव्हीत बरेचदा ९० दिवसांनी पेमेंट होतं. म्हणजे पगारी काम मिळालं तरी पहिले तीन महिने खिशात काहीच नाही, आणि वस्तीतलं पोरगं नेमकं इथे गळतं. म्हणून तुम्हाला खरंच मदत करायची असेल तर ओळखीच्या मागे नंतर लागा, आधी वर्गणी काढा. गणपतीची काढतो तशीच. एका पोराचं सहा महिन्यांचं भाडं, लोकलचा पास, मेसचा डबा एवढ्याचा हिशोब कागदावर मांडा आणि दहा-पंधरा जणांकडून उभे करा. पोरगं कमवायला लागलं की पुढच्यासाठी थोडे थोडे परत करेल. मी माझा वाटा देते, मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा.

प्रश्न : ताई मी सुरगाण्याची, कोकणा समाजाची. नाशिकला सरकारी होस्टेलला राहते, बीएच्या शेवटच्या वर्षाला. मोबाइलवर एडिटिंग शिकले, आता तेच करावंसं वाटतं. इन्स्टावर एकाने मेसेज केला की तुझा फेस चांगला आहे, पोर्टफोलिओचे २५ हजार भर, रोल पक्का. वडिलांना सांगितलं नाही. आणि माझं बोलणं ऐकून होस्टेलच्या मुली हसतात, अशा बोलण्याने या फील्डमध्ये कोण घेईल?

उत्तर : बाळा, एक रुपयाही देऊ नकोस. रोल देणारा माणूस कलाकाराकडून पैसे घेत नाही, कधीच नाही. नंबर ब्लॉक कर, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेव, आणि पैसे गेलेच असतील तर आत्ताच्या आत्ता १९३० ला फोन लाव, तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितक्या लवकर तितकं बरं. वडिलांना सांग. रागावतील, पण बाहेरून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.

एडिटिंग करायचंय ना, मग त्यालाच धरून राहा. लॅपटॉपची सोय झाली तर डाविंची रिझॉल्व्ह नावाचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर फ्री मिळतं, त्यावर हात बसव, कारण मोबाइल ॲपवर फुटेज नीट लावायची, आवाज सिंक करायची, बॅकअप ठेवायची सवय लागत नाही, आणि असिस्टंट एडिटरचं पहिलं वर्ष सगळं त्यातच जातं. ग्रॅज्युएशन होतंय तर पुण्याच्या एफटीआयआयची, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटची, एन्ट्रन्स दे, तिथे एडिटिंगचा कोर्स आहे आणि एससी, एसटी, ओबीसीला राखीव जागा आहेत. घाबरू नको, एकदा नाही झालं तर परत द्यायची. तुझ्या होस्टेलमधल्या कुणाला ॲक्टिंगच करायचं असेल तर दिल्लीचं एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, बघायला सांग, तिथे निवड झाली की उलट विद्यार्थ्यालाच दर महिन्याला स्कॉलरशिप मिळते, फक्त आधी ग्रॅज्युएशन आणि किमान ६ नाटकांचा अनुभव लागतो. आणि कास्ट व्हॅलिडिटीचं काम आजच हातात घे, ॲडमिशनच्या तोंडावर धावपळ करणाऱ्या कितीतरी पोरी मी बघितल्यात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे, तिथे जाऊन तुला कुठल्या योजना लागू होतात ते तोंडाने विचार, नुसतं ऑनलाइन बघून सोडू नको.

बोलण्याचं म्हणशील तर, फँड्री आणि सैराटमधली माणसं पुस्तकातलं मराठी बोलत होती का? नागराज मंजुळेंनी सोलापूरकडची पोरं घेतली, ती घरी बोलतात तशी बोलली, अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं. तुमच्याकडे बोहाडा होतो, रात्रभर संबळावर सोंगं नाचतात, मुखवटे रंगवणारी माणसं तुझ्याच आसपासच्या गावातली असतील. यंदा बोहाड्याला जाशील तेव्हा मोबाइलवर शूट कर, आधी गावातल्या मोठ्या माणसांना विचारून, आणि त्याची पाच मिनिटांची फिल्म कापून काढ. म्हाताऱ्यांना तुमच्या बोलीतच बोलू दे, खाली मराठी सबटायटल टाक. मुलाखतीला जाशील तेव्हा तीच दाखवायची. ते फुटेज कुठे कापायचं हे होस्टेलच्या त्या मुलींना कळणार नाही, तुला कळेल, कारण कोणतं सोंग कधी येतं हे तुला लहानपणापासून माहितीये.

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाची मालिकेसाठी निवड झालीये. आम्ही सिडकोत राहतो, नवरा रिक्षा चालवतो. प्रॉडक्शनवाले म्हणतात सगळं आम्ही बघतो. काय विचारू?

उत्तर : वहिनी, अभिनंदन! जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढलीये का हे आधी विचारा, मूल कामाला घ्यायचं तर ती निर्मात्यानेच काढायची असते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, शाळा बुडवायची नाही. आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत एफडीला ठेवावाच लागतो, त्याची पावती मागून घ्या, लाजू नका. सेटवर तुम्ही नाहीतर त्याचे बाबा, दोघांतलं एकजण कायम हवंच, त्या दिवशी रिक्षा बंद राहिली तर त्याचेही पैसे ॲग्रीमेंटमध्ये धरायला सांगा.