आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह: डेंग्यूच्या अहवालाचा अर्थ

आपल्या आईंना ताप येऊन तीन दिवस झाले असताना कोथरूडच्या प्रयोगशाळेत डेंग्यूचे आयजीएम निगेटिव्ह आणि आयजीजी पॉझिटिव्ह आले, तेव्हा डेंग्यू नाही असे समजायचे का, असा आपला प्रश्न आहे. तसे मुळीच समजू नये. याचे कारण या प्रतिपिंडांच्या, म्हणजे जंतूंशी लढण्यासाठी शरीर बनवते त्या प्रथिनांच्या, घडणीत आणि ते निर्माण होण्याच्या क्रमात आहे.

प्रतिपिंडाचा मूळ रेणू दोन जड आणि दोन हलक्या प्रथिनसाखळ्यांचा, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा असतो. ही रचना उलगडल्याबद्दल एडलमन आणि पोर्टर यांना १९७२ चे नोबेल मिळाले. वरच्या दोन भुजांची टोके विषाणूचा विशिष्ट भाग पकडतात, तर पकडल्यानंतर पुढे काय घडवायचे हे खालचा दांडा ठरवतो. हा दांडा जड साखळ्यांचा बनलेला असतो आणि त्यांच्या प्रकारावरूनच प्रतिपिंडांचे पाच वर्ग पडतात. आयजीए लाळेत, आतड्यात आणि आईच्या चिकात असते, आयजीई कृमी आणि ॲलर्जीशी निगडित आहे, तर आयजीडी मुख्यतः प्रतिपिंड बनवणाऱ्या बी पेशींच्या पृष्ठभागावर आढळते.

नव्या संसर्गात आधी आयजीएम तयार होते. त्याच्या एकेका टोकाची पकड सहसा सैल असली, तरी पाच रेणू जोडलेले असल्याने दहा टोके एकत्र घट्ट धरतात. पुढे टी पेशी या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या मदतीने बी पेशी दांडा बदलतात आणि आयजीजी बनू लागते. भुजांचे लक्ष्य तेच राहते आणि पकड हळूहळू सुधारत जाते. आयजीजीच वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, ही निसर्गाची मला फार मोलाची वाटणारी व्यवस्था आहे.

डेंग्यूचे आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागते, म्हणून तिसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह अहवालावरून काहीच ठरत नाही. आयजीजी मात्र अनेक वर्षे टिकते, त्यामुळे ते जुन्या संसर्गाचे असू शकते. किंवा झिकासारख्या नातलग विषाणूचेही असू शकते, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले होते, हे ध्यानात ठेवावे. शिवाय डेंग्यू दुसऱ्यांदा झाल्यास जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी आयजीजी झपाट्याने वाढवतात आणि आयजीएम कधी अल्प राहते, कधी दिसतही नाही.

म्हणून मी या आयजीजीकडे दिलासा म्हणून नव्हे, तर सावधगिरीची सूचना म्हणून पाहीन. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्याला चिकटतात, पण कधी त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. अशा वेळी काही रोगप्रतिकारक पेशी त्यांचा दांडा धरून विषाणूलाच आत घेतात आणि तेथे तो वाढतो. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा संसर्ग झाल्यास आजार गंभीर होण्याचा धोका जास्त असतो, त्यामागचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

आज डॉक्टरांना एनएस१ तपासणीबद्दल विचारावे, कारण ती प्रतिपिंड नव्हे तर विषाणूचेच प्रथिन शोधते आणि पहिल्या काही दिवसांत अधिक उपयोगी पडते. पाचव्या दिवसानंतर आयजीएम पुन्हा करावे. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन देऊ नये. ताप उतरल्यावरही पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा ग्लानी आढळल्यास अहवालाची वाट न पाहता आईंना तातडीने रुग्णालयात न्यावे.