आधी मूळ कागद वाच

पोरी,

परवा बाररूममध्ये तू विचारलंस, "सर, जिल्हा परिषदेला उभी राहू, की वकिलीच करू?" समोर पक्षकार बसले होते, म्हणून मी फारसं बोललो नाही. रात्री मात्र झोप लागली नाही.

बार्बरा जॉर्डन. अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातली, ह्यूस्टन शहराच्या फिफ्थ वॉर्डातली कृष्णवर्णीय मुलगी. १९५९ला बोस्टनहून कायद्याची पदवी घेतली आणि पुढे ह्यूस्टनला आई-वडिलांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर वकिली मांडली. टेक्ससच्या विधानसभेला १९६२ला पडली, १९६४ला पुन्हा पडली. तेव्हा अख्ख्या हॅरिस काउंटीतून, म्हणजे ह्यूस्टनच्या सगळ्या जिल्ह्यातून मतं मागावी लागत. मतदारसंघ नव्याने पाडले गेले, तेव्हा १९६६ला राज्याच्या सेनेटवर गेली आणि १९७२ला काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर.

पण मला सांगायचंय ते २५ जुलै १९७४चं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या महाभियोगाची चर्चा संसदेच्या न्यायिक समितीत चाललेली, ती त्या समितीची सदस्य, आणि सगळा देश टीव्ही लावून बसलेला. तिने आधी घटनेची सुरुवातच घेतली, "आम्ही लोक". म्हणाली, १७ सप्टेंबर १७८७ला हा दस्त पुरा झाला, तेव्हा त्या "आम्ही"त मी नव्हते. दुरुस्त्या आणि न्यायालयांच्या निकालांनी मला आत घेतलं. मग घटना मंजूर करताना महाभियोगाबद्दल कोण काय म्हणालं होतं ते एकेक वाचलं आणि प्रत्येकाशेजारी निक्सन यांचं वागणं ठेवलं. आरडाओरडा नाही. उलटतपासाला उभं राहण्याआधी आपण हेच करतो ना? मूळ कागद वाचलेला होता, म्हणून आवाजाला वजन होतं.

मूळ कागद वाच. किती वेळा सांगू?

माझ्या सुरुवातीच्या एका दाव्यात सातबारा पाहिला, फेरफार उघडलाच नाही. पक्षकाराने तोंडी सांगितलं, मी मान डोलावली. समोरच्या वकिलाने फेरफाराची नक्कल काढली आणि त्या माणसाची जमीन गेली. कोर्टाच्या पायरीवर तो मला एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून कुठल्याही पक्षाने तिकिटाचं विचारलं की मी नाहीच म्हणालो. भीती नव्हती ती. न वाचलेल्या जाहीरनाम्यावर मतं मागणं मला जमलं नसतं. लोकांना काय वाटायचं ते वाटो.

तू उभी राहा, मी अडवणार नाही. पण जिल्हा परिषदेचा कायदा तू उघडलायस का? तुझ्या गटाचं अंदाजपत्रक? पाणीपुरवठ्याच्या कामाचा करारनामा? पक्ष कुठला, पोस्टरवर फोटो कुणाचा, हे तुला ठाऊक आहे. कागदाचं विचारलं तर खाली पाहिलंस. त्याचा मला राग आला.

सोमवारी साडेनऊला ये. तो करारनामा घेऊन ये, पूर्ण, परिशिष्टांसकट. टेबल मी रिकामं ठेवतो.