गोळी चालू असताना थायरॉईडचा रिपोर्ट कसा वाचावा?

प्रश्न : लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉईड संप्रेरक कमी पडल्यास घ्यायची त्याच संप्रेरकाची गोळी) मात्रा ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम केली. तीन आठवड्यांनी तपासले, तर टीएसएचची (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक; थायरॉईड संप्रेरक कमी पडले की हे वाढते) पातळी ११ वरून ७.८ पर्यंतच उतरली. मात्रा आणखी वाढवावी का?

उत्तर : इतक्यात नाही. लेव्होथायरॉक्सिनची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे नवी मात्रा अंगात स्थिरावण्यास पाच-सहा आठवडे जातात. टीएसएच स्रवणारी पियूषिका ग्रंथी तर त्याहूनही सावकाश जुळवून घेते. तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करावी. घाईने वाढवलेली मात्रा पुढे कमी करावी लागते आणि रुग्ण या चढउतारातच वर्ष घालवतो.

प्रश्न : टीएसएच ९.२ आहे, पण फ्री टी४ (रक्तातील मोकळे थायरॉईड संप्रेरक) सामान्य मर्यादेच्या अगदी वरच्या टोकाला आहे. प्रयोगशाळेची चूक असेल का?

उत्तर : तशी शक्यता कमी. टीएसएच मागील काही आठवड्यांचा हिशेब सांगते, फ्री टी४ मात्र अलीकडच्या दिवसांचा. सकाळची गोळी घेऊन रक्त दिले तर काही तास ते वाढलेलेही दिसते. महिनाभर गोळ्या अधूनमधून चुकल्या आणि तपासणी जवळ आल्यावर नेमाने घेतल्या, तर नेमका असाच रिपोर्ट येतो. (डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवू नये; न सांगितल्यास मात्रा विनाकारण वाढते.) गोळी चुकतच नसेल, तर ती चहासोबत किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांच्या जवळपास घेतली जाते का, हे पाहावे, या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. मात्र शोषण कमी होत असेल, तर फ्री टी४ सहसा इतके वर नसते. पुढच्या वेळी रक्त देऊन झाल्यावर गोळी घ्यावी.

प्रश्न : केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेते. टीएसएच एकदम ०.०५ आले, त्रास मात्र काहीच नाही.

उत्तर : बायोटिनमुळे काही तपासणी पद्धतींत टीएसएच खोटे कमी आणि फ्री टी४ खोटे जास्त दिसते. किमान दोन दिवस ते बंद ठेवून पुन्हा तपासावे. तोवर थायरॉईडच्या मात्रेला हात लावू नये.

प्रश्न : गर्भधारणा नुकतीच कळली. तपासणी तीन महिन्यांनी ठरली आहे.

उत्तर : तोवर थांबू नये. सुरुवातीच्या आठवड्यांतच थायरॉईड संप्रेरकाची गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. आजच डॉक्टरांना कळवावे, लगेच तपासणी करावी आणि गर्भारपणाच्या मध्यापर्यंत ती दर चार आठवड्यांनी करत राहावी.