चर्चमधील लैंगिक अत्याचारांच्या भरपाईसाठी सामान्य भाविकांच्या पॅरिशने पैसे का द्यावेत? पॅरिशला नकार देता येतो का?

मी मूळचा वसईचा. पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या भाविकांच्या समुदायाला, आम्ही तिकडे धर्मग्राम म्हणतो, तोच शब्द येथे वापरतो. न्यूयॉर्क राज्यातील आमच्या धर्मग्रामाच्या अर्थसमितीवर मी सहा वर्षे होतो. आता नाही, आणि त्याचे कारण आपण विचारलेला हा प्रश्नच आहे.

‘आमचा धर्मग्राम कायद्याने स्वतंत्र आहे, मग बिशपांच्या कचेरीचे देणे आमच्या माथी का?’ हा युक्तिवाद येथे प्रत्येक सभेत होतो. न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्राम ही वेगळी संस्था असते हे खरे. परंतु तिच्या पाच विश्वस्तांपैकी बिशप, त्यांचे व्हिकर जनरल (कारभारातील मुख्य सहायक) आणि धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू हे तिघे ठरलेलेच असतात, प्रापंचिक, म्हणजे सामान्य भाविक, दोघेच. पाचांतली तीन मते जिथे एकाच दाराने आत येतात, तिथल्या स्वातंत्र्याविषयी फार मोठ्या आवाजात बोलू नये.

शिवाय न्यूयॉर्कच्या 2019 च्या बालपीडित कायद्याने कालबाह्य झालेले जुने दावे दाखल करण्याची मुदत दिली, तेव्हा अनेक दाव्यांत धर्मग्रामही प्रतिवादी झाले. धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतली वरची संस्था, दिवाळखोरी न्यायालयात गेला की त्याच्यावरील दावे थांबतात, धर्मग्रामांवरील दावे आपोआप थांबत नाहीत. त्यामुळे धर्मग्राम जो वाटा देतो तो दानधर्म नसून दाव्यांतून सुटण्याची किंमत असते. लाँग आयलंडवरील रॉकव्हिल सेंटर धर्मप्रांताची सुमारे 600 पीडितांशी 32 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड 2024 मध्ये झाली, तीत धर्मग्रामांचाही वाटा होता. बफेलो धर्मप्रांताने 2025 मध्ये 15 कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली, तेव्हा धर्मग्रामांकडे त्यांच्या मुक्त शिलकीचा, म्हणजे ठरावीक हेतूसाठी राखून न ठेवलेल्या पैशाचा, हिस्सा मागितला गेला आणि मोठा गहजब झाला.

आमच्याकडे गहजब झाला नाही. आमच्याकडे हिशेब झाला. अत्याचार ज्या वर्षी घडला त्या वर्षीची विमा पॉलिसी सापडली तर विमा कंपनीला आजही पैसे द्यावे लागू शकतात, म्हणून खजिनदार आणि मी सलग तीन शनिवार धर्मगुरूंच्या निवासाच्या तळघरात जुने कागद चाळत बसलो होतो. पॉलिसीची दोनच पाने मिळाली. मात्र 1974 च्या कीर्दीत, ज्या धर्मगुरूंविरुद्ध आमच्याकडे तीन दावे आहेत त्यांच्या नावे एक नोंद मिळाली: विशेष वर्गणी, निरोपाची भेट, मोटारगाडी. धर्मगुरूंच्या बदल्या एरवी उन्हाळ्यात होतात. हे गेले ऐन उपवासकाळात, ईस्टरला तीन आठवडे उरले असताना. पुढच्या धर्मग्रामातही त्यांच्याविरुद्ध दावे आहेत, आणि तिथे ते आमच्या वर्गणीच्या गाडीतून गेले. “लोकांना काय ठाऊक होते?” असे खजिनदार म्हणाले. ठाऊक नसेल, पण ऐन उपवासकाळात धर्मगुरू का जात आहेत, हे कोणीच विचारले नाही आणि वर्गणी मात्र सर्वांनी दिली.

पुढच्याच बैठकीत खजिनदारांनी ठराव मांडला. वाटा मुक्त शिलकीवर ठरणार होता, म्हणून बँकेतल्या 1,80,000 डॉलरना ‘छप्पर निधी’ असे नाव द्यायचे. त्यातला एकही डॉलर कोणी छपरासाठी म्हणून दिलेला नव्हता. ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी संमत झाला. कॅनन कायद्याने, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याने, अर्थसमिती केवळ सल्लागार असते. तरीही मी विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावला, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत माझे नाव नव्हते.

‘गरीब म्हातारीने दिलेले पाच डॉलर वकिलांच्या घशात का घालायचे?’ हा खजिनदारांचा हुकमी एक्का होता. माझी आजी केळीच्या लोंगरांचे पैसे आले की चर्चचे नाणे लुगड्याच्या पदराला वेगळे बांधून ठेवत असे, त्यामुळे अशा म्हाताऱ्यांविषयी मला कोणी शिकवू नये. तिला विचारले असते तर तिने वकिलाचे नव्हे, त्या मुलाच्या आईचे नाव आधी विचारले असते.

आता काही गोष्टी मान्य करतो. दात्याने ठरावीक हेतूसाठी दिलेली रक्कम त्याच हेतूसाठी वापरावी, असे त्या कायद्याचे कलम, कॅनन 1267, सांगते आणि ते योग्यच आहे. माझा आक्षेप मागाहून लावलेल्या नावाला आहे. बिशपांची मालमत्ता आधी विकली जावी, आणि लहान धर्मग्रामांवर कमी भार यावा. भार मात्र इतरत्रही उचलावा लागला आहे. अमेरिकेतील स्पोकेनमध्ये 2007 च्या 4 कोटी 80 लाख डॉलरच्या तडजोडीत धर्मग्रामांनी एक कोटी उभे केले. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्समध्ये मालमत्ता महाधर्मप्रांताच्याच नावावर असल्याने, माउंट कॅशल अनाथाश्रमातील पीडितांसाठी चर्चच विकावी लागली, 2022 मध्ये बॅसिलिका, म्हणजे तिथले मुख्य चर्चसुद्धा.

नकार देता येतो का? मी वकील नाही, पण नकार देणाऱ्या धर्मग्रामाला आपल्यावरील दाव्यांना एकट्याने तोंड द्यावे लागू शकते. पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीच्या प्रकरणातील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जून 2024 च्या निकालानंतर, पीडितांच्या संमतीवाचून धर्मग्रामासारख्या, स्वतः दिवाळखोरीत नसलेल्या त्रयस्थ संस्थेला दिवाळखोरीच्या आराखड्यातून दावेमुक्त करता येत नाही. मग ही संमती फुकट कशी मिळेल? आपण अशा समितीवर असाल तर गेल्या दहा वर्षांच्या ताळेबंदांत प्रत्येक निधीचे नाव कधी पडले ते पाहा, आणि नाव नवे असेल तर विरोध लेखी नोंदवा.

आमच्या छपराचे काम अद्याप सुरू झालेले नाही. दर रविवारी मिस्साला आत शिरण्यापूर्वी मी वर पाहून खात्री करून घेतो.