‘आधीची नोकरी का सोडताय?’ वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागातून आलेले हे प्रश्न आहेत. कामं वेगवेगळी, पण मुलाखतीत सगळ्यांचं अडतं ते एकाच प्रश्नाला.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चार वर्षं सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटर आहे. शिनोळीच्या एका कंपनीत मुलाखत आहे. खरं कारण पगार आहे. सांगू का?

सांगा, पण आधी कामाचं बोला, पगार त्यामागून येऊ दे. चार वर्षं एकाच मशीनवर राहिलेल्याची अडचण बहुतेक वेळा अशी असते की मशीनची जुळवणी, म्हणजे सेटिंग, सेटर करतो आणि आपल्याकडे जॉब (घडवायचा भाग) लावणं, मोजणं, इन्सर्ट (कापायचं पातं) बदलणं एवढंच राहतं. तुमचंही तसंच असेल तर सरळ म्हणा: “चार वर्षं टर्निंगवर (लेथकामावर) आहे. आमच्याकडे सेटिंगला वेगळा माणूस आहे, त्यामुळं मला पुढं जायला वाव नाही. मला सेटर व्हायचंय, आणि पगारही त्या कामाचा मिळावा अशी अपेक्षा आहे.” अर्ध्या मिनिटात संपतं. त्याहून लांबवलंत तर समोरच्याला वाटतं, काहीतरी झाकतोय.

मात्र हे कारण दिलं की पुढचा प्रश्न सेटिंगवरच येणार. बाहेरचा व्यास 0.04 मिमी जादा आला तर काय कराल? जॉब पुसून पुन्हा मोजायचा, इन्सर्टची धार बघायची, मग वेअर ऑफसेटमध्ये (हत्याराची झीज भरून काढायच्या नोंदीत) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, उणे 0.04 घालायचे. कंट्रोल (मशीनचा संगणक) व्यासावर सेट असेल तर आकडा निम्मा करायचा नाही. इथं बरेच जण 0.02 म्हणतात आणि सेटर व्हायचंय हे कारण तिथंच फुकट जातं. तयारी नसेल तर हे कारण देऊ नका.

पगाराची तुलना हातात येणाऱ्या रकमेवर करा. कर्नाटकात महिना 25,000 च्या आत पगार असेल तर व्यवसाय कर नाही. शिनोळी महाराष्ट्रात, तिथं 10,000 च्या वर पगार असलेल्या पुरुषाचे महिन्याला 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300. पगार 21,000 च्या वर गेला तर ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) संरक्षणही पुढं राहत नाही. म्हणून तिथं मेडिक्लेम आहे का, हे विचारूनच आकडा बोला.

फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) पगार कधीच वेळेवर होत नाही, मॅनेजर घालूनपाडून बोलतो. हे सांगितलं तर तक्रारखोर ठरेन का?

मॅनेजरचं सांगितलंत तर ठराल. पगाराचं सांगायला हरकत नाही, पण तारखेनिशी सांगा: “गेले सहा महिने पगार 20 तारखेनंतर होतोय, घराचा हप्ता 10 तारखेला असतो.” पगाराची कायद्यातली मुदत पुढच्या महिन्याची 7 तारीख आहे, त्यामुळं ऐकणाऱ्याला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. यात ‘मालक’, ‘राजकारण’, ‘त्रास’ हे शब्द नकोत. उद्यमबाग, मच्छे इथले कारखानदार एकमेकांकडूनच कास्टिंग आणि मशीनिंग करून घेतात. मुलाखत संपायच्या आत जुन्या शेडमध्ये फोन जाऊ शकतो. तिथून जे ऐकू येईल त्याच्याशी तुमचं बोलणं जुळलं पाहिजे. अजून नोटीस दिली नसेल तर आधीच विनंती करा: “निवड पक्की झाल्यावरच तिथं चौकशी करा.”

साखर कारखान्यात लॅबमध्ये तीन हंगाम केले. दरवर्षी नोकरी सोडल्यासारखं दिसतं.

अर्जात तारखा न लिहिता ‘गळीत हंगाम 2022-23, 2023-24, 2024-25’ असं लिहा. त्याच कारखान्यानं तीनदा बोलावलं, हे पहिल्याच वाक्यात सांगा. तुम्ही नोकरी सोडलेलीच नाही, हंगाम संपला.

चाकणला पाच वर्षं होतो, आता खानापूरला घरी परतलोय. मधे तीन महिने एका कंपनीत केलं, ते लपवू का?

लपवू नका. तिथं पीएफ कापला गेला असेल तर यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) सेवा नोंदीत ती कंपनी दिसते, आणि पडताळणीत सापडलं की तीन महिने राहतात बाजूला, तुमचा खोटेपणा मोठा होतो. “शिफ्ट ठरल्याप्रमाणं मिळाली नाही, म्हणून थांबलो नाही,” एवढं पुरे. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर ती स्वतः भरता येते. मुलाखतीआधी ते उरका.

परत का आलात, यामागची खरी शंका वेगळी असते: इथल्या पगारावर टिकेल का, की चार महिन्यांत पुन्हा पुण्याची गाडी धरेल? “आईवडिलांसाठी आलो” एवढ्यानं ती जात नाही, कारण आईवडील तेव्हाही होते. आता काय बदललं ते सांगा, पाठोपाठ हिशेब मांडा: “तिथं खोलीभाडं आणि मेस जाऊन जे उरायचं, तेवढं इथं घरी राहून उरतं.” हा आकडा घरी कागदावर खरोखर काढून जा.

निपाणीत अकाउंटंट आहे. लग्न ठरलंय, बेळगावला जाणार. लग्नाचं सांगावं का?

“बेळगावला कायमची राहायला येतेय, निपाणीहून रोजचं येणं-जाणं जमणारं नाही.” एवढंच कारण पूर्ण आहे, ताई. लग्नाचं विचारलं तर हो म्हणा. पुढं मुलाबाळांवर गाडी गेली तर कसलंही वचन देऊ नका. ते मागण्याचा त्यांना अधिकार नाही. कामावर या: “महिनाअखेरीला उशिरापर्यंत थांबायची सवय आहे.” नोटीसही अशी द्या की 11 तारखेचा जीएसटीआर-1 आणि 20 तारखेचा 3बी ही जीएसटीची दोन्ही रिटर्न भरूनच बाहेर पडाल. रिटर्न भरून, चार्ज देऊन सोडतेय, हे नव्या मालकाला फार आवडतं.

मराठी माध्यमातून शिकलो. मुलाखत कन्नडमधून झाली तर कारण कसं सांगू?

सुरुवातीलाच म्हणा: “ननगे कन्नड तिळियुत्ते, आदरे मातनाडोदु स्वल्प कष्ट.” म्हणजे कळतं, पण बोलायला थोडं जड जातं. मग मराठीतून किंवा हिंदीतून सांगू का, विचारा. इथले बरेच एचआरवाले मराठी समजतात. पाठ केलेलं कन्नड उत्तर नेऊ नका. उपप्रश्न आला की अडकाल.