सवलत द्यावी की पाकळी विकावी? : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये कोकणातून ऑनलाइन विक्री करणाऱ्यांची पत्रे अधिक आहेत आणि मागणी घटल्याची तक्रार जवळजवळ प्रत्येकात आहे. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण इतरांनी विचारलेले पुष्कळसे त्यातच येऊन गेले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही पतिपत्नी गेली चार वर्षे काजूगर, कोकमाचे आगळ, आमसुले, फणसपोळी आणि कुळथाचे पीठ ऑनलाइन विकतो. स्वतःची वेबसाइट आहे, व्हॉट्सअॅपवरही मागण्या येतात. दिवाळीनंतर मागण्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. १००० रुपयांच्या मागणीत माल, पॅकिंग आणि कुरिअर मिळून ७०० रुपये खर्च होतात, शिवाय इन्स्टाग्रामवरील जाहिरातीचा खर्च प्रत्येक नव्या मागणीमागे २०० रुपये पडतो. मुंबईतील आमचा भाचा म्हणतो की, मंदीत जाहिरात वाढवावी आणि २० टक्के सवलत लावावी. त्याचे ऐकावे का?
— एक दांपत्य, वेंगुर्ले तालुका

उत्तर : भाच्याचा सल्ला आपल्याच आकड्यांवर घासून पाहू. आज १००० रुपयांच्या मागणीत आपल्या हाती ३०० रुपये उरतात. २० टक्के सवलत दिली की गिऱ्हाईक ८०० रुपये देईल, परंतु काजूगर, बाटली, खोका आणि कुरिअर यांचा खर्च ७०० रुपयेच राहील. म्हणजे हाती उरतील १००, आणि आजच्याइतकी कमाई व्हायची तर मागण्या तिप्पट व्हाव्या लागतील. त्यातून ती मागणी जाहिरातीतून आलेली असेल तर ते १०० जाऊन वर पदरचे १०० रुपये घालावे लागतील. असा धंदा जितका वाढेल तितका बुडतो, आणि अंगणात पार्सलांची चळत लागलेली पाहून तो सुधारल्यासारखा वाटतो, हे त्याहून वाईट.

मंदीत जाहिरात वाढवावी असे सांगणारे बहुधा केलॉगचे उदाहरण देतात. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत न्याहारीचे पदार्थ विकणाऱ्या पोस्ट कंपनीने जाहिरातीचा खर्च आवरता घेतला, केलॉगने तो वाढवला आणि त्या काळातच केलॉग पुढे निघून गेली. उदाहरण खरे आहे. मात्र केलॉगचा माल दुकानोदुकानी आधीच पोहोचलेला होता आणि वाट पाहण्याइतका पैसा तिच्यापाशी होता. आपल्याला प्रत्येक नवे गिऱ्हाईक जाहिरातीचे पैसे मोजून आणावे लागते, आणि ते एकदाच खरेदी करून गेले तर ३०० पैकी २०० रुपये जाहिरातीतच जाऊन हाती १०० उरतात. म्हणून जाहिरात सरसकट बंद करण्यापूर्वी एक वही घेऊन बसा. गेल्या वर्षी जाहिरातीतून आलेल्यांपैकी कितीजणांनी जाहिरातीशिवाय दुसऱ्यांदा मागणी नोंदवली, ते मोजा. दुसऱ्या मागणीत पूर्ण ३०० रुपये उरतात, त्यामुळे निम्मे लोक परत येत असतील तर २०० रुपयांची जाहिरात महाग नाही. दहांतला एकच येत असेल तर ती वाढवू नये. आगळाची जाहिरात आणि कुळथाच्या पिठाची जाहिरात यांचा हिशेब वेगळा ठेवावा, कारण आगळ घेणारा वर्षातून एकदा येतो आणि पिठी करणारा दर दीड-दोन महिन्यांनी.

आपले खरे भांडवल चार वर्षांच्या त्या गिऱ्हाइकांच्या यादीत आहे. व्हॉट्सअॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना घेता येते आणि ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो, म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये क्रमांक जतन करण्याची विनंती करणारी चिठ्ठी घाला. सर्वांना एकच संदेश पाठवू नका. आगळ घेणाऱ्यांची यादी वेगळी, काजू घेणाऱ्यांची वेगळी. सुप्रभात आणि सणांची चित्रे पाठवणारा विक्रेता लोक मनातल्या मनात बंद करून टाकतात. त्याऐवजी मे महिन्यात असे लिहावे : ‘यंदाची रातांबे फोडून झाली. आगळ मीठ घालून बरणीत मुरत ठेवले आहे. गेल्या वर्षी आपण दोन बाटल्या घेतल्या होत्या, यंदा किती ठेवू?’ या संदेशासोबत अंगणातल्या पिंपाचा आणि लाल झालेल्या हातांचा फोटो असला तर चित्रकाराने केलेल्या जाहिरातीची गरज पडत नाही.

आता सवलतीविषयी. लोकांचे हात आखडले आहेत हे खरेच आहे, त्यांना कमी पैशांत काहीतरी द्यावे लागेल. पण त्यासाठी आहे त्याच मालाची किंमत पाडायला नको. आपण अख्खे काजूगर विकता, त्यात डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० अशा प्रती असतील. हा आकडा एका पौंडात अधिकात अधिक किती गर बसतात त्याचा असतो, म्हणून आकडा वाढला की गर लहान आणि भाव उतरता. फोडताना दुभंगलेली पाकळी आणि तुकडा त्याहूनही स्वस्त जातो, आणि आज तो आपण बहुधा घाऊक व्यापाऱ्याला देऊन टाकत असाल. ज्या घरात काजू वाटणात, खिरीत किंवा कतलीत जायचा आहे त्या घराला अख्खा गर कशाला हवा? ‘वाटणाची पाकळी’ असे रोखठोक नाव देऊन पाव किलोचे पाकीट काढा. अख्ख्या काजूचा भाव जिथल्या तिथे राहतो आणि परिस्थिती सुधारल्यावर तो पुन्हा चढवताना गिऱ्हाइकाशी वाद होत नाही. सवलतीची सवय लागलेले गिऱ्हाईक मूळ भावावर आणणे फार कठीण असते. नव्या पाकिटाच्या लेबलावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगचा महिना, तक्रारीसाठी फोन क्रमांक आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक यायला हवा, एवढे विसरू नका.

कुरिअरच्या खर्चाकडेही पाहा. बहुतेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेले वजन यांतले जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारावरचे वजन काढताना लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. ३० बाय २५ बाय २० चा खोका म्हणजे ३ किलो. त्यात १ किलो काजू असले तरी पैसे ३ किलोंचे. तेच काजू २५ बाय १८ बाय १० च्या खोक्यात बसवले तर आकारावरचे वजन ९०० ग्रॅम होते आणि प्रत्यक्ष वजनाचेच पैसे पडतात. माझ्या एका मावशीने मला पाव किलो आमसुले बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पाठवली होती. तिची माया पोहोचली, पण कुरिअरची पावती पाहून मीच ओशाळलो. कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सले परत येत असतील तर जाण्यायेण्याचे दोन्ही भाडे आपल्यावर पडते, म्हणून यूपीआयने आगाऊ पैसे देणाऱ्याला पाकळीचे छोटे पाकीट भेट द्यावे, ते स्वस्त पडेल.

शेवटची गोष्ट काजूबियांच्या खरेदीची. हंगामात भाव बरा दिसला म्हणून कर्ज काढून वर्षभराची बी भरून ठेवण्याचा मोह यंदा टाळावा. गोदामात अडकलेल्या पैशाला व्याज चढत राहते आणि हाती रोकड नसली की माणूस नको ती सवलत देतो.

प्रश्न : गुहागरजवळ आमचे तीन खोल्यांचे घरगुती निवास आहे. बुकिंगचे संकेतस्थळ प्रत्येक आरक्षणामागे १८ टक्के कापून घेते. शनिवार-रविवार वगळता खोल्या रिकाम्या असतात. संकेतस्थळावरून नाव काढावे की भाडे उतरवावे?
— एक वाचक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : दोन्ही करू नये. १८ टक्के ही जाहिरात आहे आणि तिचे पैसे खोली भरल्यावरच जातात, एवढी सोय इन्स्टाग्रामवर मिळत नाही. मात्र एकदा राहून गेलेला पाहुणा दुसऱ्यांदा त्याच वाटेने यावा लागला तर चूक आपली. निघताना त्याच्या हाती फोन क्रमांकाचे कार्ड द्या आणि गुगलवर व्यवसायाची विनामूल्य नोंद करून फोटो टाका. समुद्राचे फोटो सगळ्यांकडे असतात; कुटुंबासह येणारा माणूस न्हाणीघर, गाडी लावण्याची जागा आणि मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतची वाट पाहतो.

मधल्या वारांसाठी भाडे पाडण्याऐवजी जेवण भाड्यात धरा. घावणे, सोलकढी, संध्याकाळचे मोदक यांना आपल्याला लागणारा खर्च आणि पुण्याच्या पाहुण्याच्या लेखी असलेली त्यांची किंमत यांत मोठे अंतर आहे. लॅपटॉपवर काम करणारे लोक बुधवारीही येतात, पण त्यांना इंटरनेटचा वेग आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती तास चालतो हे आधी कळायला हवे. पावसाळ्यात हे तास जास्तच फुगवून सांगू नका. तक्रारीचा एक अभिप्राय वर्षभर वाचला जातो.

प्रश्न : सावंतवाडीत आमचे लाकडी फळांचे आणि खेळण्यांचे घरगुती काम आहे. पर्यटक कमी झाल्यामुळे ऑनलाइन विक्री सुरू करत आहोत. उलाढाल थोडी आहे, जीएसटी नोंदणी नाही. गोव्यातील गिऱ्हाइकाला माल पाठवता येईल का?
— एक कारागीर, सावंतवाडी

उत्तर : आपल्याला गोवा हा शेजार वाटतो, पण पत्रादेवीचा नाका ओलांडला की कायद्याच्या दृष्टीने ती आंतरराज्य विक्री होते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. परराज्यात माल गेला की मात्र सर्वसाधारण नियमानुसार पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. मुख्यतः हाताने घडवलेल्या हस्तकलेच्या वस्तूंना यात ठरावीक उलाढालीपर्यंत सूट आहे आणि लाकडी खेळणी त्यात मोडतात, परंतु त्यासाठी पॅन हवे आणि मालासोबत ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, काढावे लागते. सनदी लेखापालाकडे एक फेरी मारून या अटी आपल्या कामाला लागू करून घ्या. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या राज्यापुरती विक्री करता येते. त्यासाठी जीएसटीच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. वेंगुर्ल्याच्या दांपत्यानेही हे वाचावे, कारण बंगळूरला जाणाऱ्या काजूला हस्तकलेची सूट नाही.

फळांची पूर्ण टोपली महाग वाटते तिथे तीन फळांचा लहान डबा ठेवा, आणि फोटोत फळ तळहातावर धरा. आकार कळला नाही म्हणून परत येणारा माल त्याने पुष्कळ कमी होईल.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत आंबापोळी आणि आंब्याचा मावा तयार करतो. शहरातील एका ऑनलाइन दुकानाला तीन महिन्यांपूर्वी माल दिला, अजून पैसे नाहीत. ‘मार्केट डाउन आहे’ एवढेच उत्तर मिळते. काय करावे?
— एक लघुउद्योजक, रत्नागिरी

उत्तर : मंदीत मोठा दुकानदार छोट्या उत्पादकाच्या पैशावर आपले दुकान चालवतो, हे जुनेच दुखणे आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, मुदत उलटलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला ती खर्च म्हणून वजा करता येत नाही. आपण आधीपासून उद्यम ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी केलेली असेल तर दुकानाला या दोन्ही तरतुदी नमूद करून, बिलाच्या तारखेसह एक सभ्य पत्र पाठवा. पुष्कळदा तेवढ्यावर त्यांचा लेखापालच त्यांना पैसे द्यायला लावतो. नाही दिले तर लघुउद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

नोंदणी नसेल तर ती पुढच्या मालापूर्वी करा, आधीच दिलेल्या मालाला तिचा आधार मिळणे कठीण असते. ती आधार क्रमांकावर, घरबसल्या आणि पूर्णपणे विनामूल्य होते. नोंदणीचे शुल्क मागणारे संकेतस्थळ उघडले असेल तर ते सरकारी नाही असे समजून बंद करा.