शार्क बघायला मालदीवला लाइव्हअबोर्डवर (मुक्कामाची डाइव्ह बोट) जायचंय, नुकतंच ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) झालंय, जाऊ का? भीती वाटते का?

तुमचं लिहिणं वाचून वाटलं की भीती शार्कची आहे आणि करंटचा, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाचा, विचार अजून डोक्यातच आलेला नाही. तर आधीच सांगतो, शार्कचं टेन्शन घेऊ नका, घ्यायचंच असेल तर करंटचं घ्या. आणि नुकत्याच झालेल्या ओपन वॉटरवर या ट्रिपला जाऊ नका, थोडं थांबा.

मालदीवमध्ये शार्क हमखास दिसतात ते कांडूच्या तोंडाशी. कांडू म्हणजे अटोलच्या (गोल कड्यासारखा प्रवाळबेटांचा समूह) कडेला दोन प्रवाळबेटांमधली खिंड, बाहेरचा समुद्र तिथून आत घुसतो नाहीतर आतलं पाणी बाहेर पडतं. पाणी आत येत असतं तेव्हा ते स्वच्छ निळं असतं आणि ग्रे रीफ शार्क खिंडीच्या कडेवर, जिथे तळ एकदम खोल तुटतो तिथे, करंटकडे तोंड करून जमतात. ही कडा बऱ्याचदा २५-३० मीटरवर असते. तुमच्या कार्डाची मर्यादा १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्डची ३०, आणि मालदीवच्या नियमानेही ३० च्या खाली जायचं नाही. म्हणजे हिशोब तिथेच संपला.

बरं, खाली जायचं कसं तेही ऐका. मोठी बोट लांब उभी असते, टाक्या आणि कॉम्प्रेसर असतो धोनीवर (आपला रांचीचा नव्हे, तिथल्या होडीला धोनी म्हणतात). गाइड आधी पाण्यात डोकं घालून करंट कुठे चाललाय ते बघतो, मग धोनी कडेच्या बाहेरच्या बाजूला नेतात, सगळ्यांनी बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) पूर्ण रिकामी करून एकदम उड्या मारायच्या आणि वर अजिबात न थांबता डोकं खाली करून सरळ सुटायचं. वर ओके-ओके करत रेंगाळलात, किंवा कान इक्वलाइझ व्हायला (आतबाहेरचा दाब सारखा व्हायला) वेळ लागला, तर करंट तुम्हाला कडेवरून उचलून खिंडीत आत घेऊन जातो, ग्रुप खाली, शार्क मागे, आणि तुम्ही एकटे वर येऊन एसएमबी (बोटीला दिसावा म्हणून खुणेचा फुगा) फुगवून धोनीची वाट बघत बसता. ज्याला अजून बॉयन्सी (पाण्यात एका पातळीवर तरंगणं) सांभाळताना हात हलवावे लागतात त्याला हे जमत नाही हो, त्यात लाज नाही, पण साडेतीन लाख खर्चून हे शिकायची गरजही नाही.

कडेवर पोचलात की मेलेल्या खडकात रीफ हुक (दोरीला बांधलेला आकडा) अडकवायचा (जिवंत कोरलवर नाही, प्लीज), बीसीडीत जरा हवा घ्यायची आणि दोरीवर पतंगासारखं तरंगत राहायचं. मान बाजूला वळवली की मास्क थरथरायला लागतो, म्हणून बघायचं ते समोरच. आणि समोर जे दिसतं ना... आपण अंगातला सगळा जोर लावून हुकला लटकलेलो आणि तो दीड-दोन मीटरचा शार्क त्याच करंटमध्ये जवळजवळ न हलता उभा, शेपटीची काळी किनार तेवढी मधूनमधून हलते. कडेवर पाणी आदळून वर चढतं, त्यावर ते फुकटात तरंगतात. एखादा अगदी जवळ येतो, कल्ल्यांच्या फटी मोजता येतील इतका, डोळा तुमच्यावर रोखलेला, आणि तुम्ही एक मोठा श्वास सोडलात की बुडबुड्यांनी दचकून वळतो. आमच्याकडे कोकणात शार्क म्हणजे मोरी, म्हणजे कालवण, त्यामुळे मला सुरुवातीला त्यांच्याकडे बघताना थोडं ओशाळल्यासारखंच झालं होतं.

इतके शार्क तिथे आहेत कारण मालदीवने २०१० मध्ये शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली. आधी तिथेही पकडायचेच, यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावायला आणि पंख एक्सपोर्टला.

हवा. ३० मीटरवर चार पट दाब, म्हणजे टाकी वरच्यापेक्षा चौपट वेगाने संपते, त्यात घाबरून धापा टाकल्यात तर गाइडला तुमच्यासाठी सगळा ग्रुप लवकर वर न्यावा लागतो आणि मग जेवायच्या टेबलावर कोणी बोलत नाही तुमच्याशी. शिवाय डाइव्ह टेबलप्रमाणे (किती खोलीवर किती वेळ राहायचं त्याचा तक्ता) ३० मीटरला साध्या हवेवर २० मिनिटं मिळतात, नायट्रॉक्स ३२ वर (३२ टक्के ऑक्सिजनची हवा) ३०, तर नायट्रॉक्सचा कोर्स करूनच जा, दिवसाला तीन-चार डाइव्ह असल्यावर त्याचा उपयोग होतो. माझं मत विचाराल तर अ‍ॅडव्हान्स्ड, नायट्रॉक्स आणि पन्नासेक डाइव्ह, बऱ्याच बोटी अवघड रूटसाठी साधारण हेच मागतात. तारकर्ली, नेत्राणी, अंदमान, कुठेही करा. मालवणच्या गढूळ पाण्यात शिकलेल्याला मालदीवची व्हिजिबिलिटी बघून येड लागतं, पण करंटचा सराव म्हणाल तर तो वेगळा करावा लागेल.

सगळेच शार्क असे कष्टाने दिसत नाहीत म्हणा. वावू अटोलमध्ये अलिमथाला रात्रीची डाइव्ह असते, ढीगभर नर्स शार्क पायात घुटमळतात, पण चार-पाच बोटींचे टॉर्च एकत्र आले की जत्राच ती, मला नाही फार आवडली. साउथ अरीत व्हेल शार्क वर्षभर असतात, बहुतेक वयात न आलेले नर, त्यासाठी स्नॉर्कल पुरतं. रासधूचे हॅमरहेड पहाटे निळ्या पाण्यात शोधायचे, दिसले तर दिसले. टायगर शार्कसाठी पार दक्षिणेला फुवाहमुलाह, तिथे ट्यूनाची मुंडकी टाकून बोलावतात, त्यावर दोन मतं आहेत आणि माझं फारसं चांगलं नाही. गेलात तर तिथे मात्र शिस्त पाळा, पाठ फिरवायची नाही, ग्रुप सोडायचा नाही, हात पुढे करायचा नाही.

सीझन जानेवारी ते एप्रिल, तेव्हा करंट पूर्वेकडून असतो म्हणून शार्क पूर्वेच्या कांडूंवर. मेच्या सुट्टीत गेलात तर नैऋत्य मान्सून लागलेला असतो, बाजू उलटी होते, बोट हलते. अ‍ॅव्होमिन रात्री घ्या, सकाळी घेतलीत तर डाइव्हला पेंगाल. व्हेज असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, नाहीतर नाश्त्याला रोशी (तिथली पोळी) आणि मास हुनी, म्हणजे ट्यूना-खोबरं-कांदा, समोर येईल. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी २४ तास ठेवा, मुंबईची फ्लाइट तीनेक तासांचीच असली तरी.

खर्च आठवड्याला दीड ते अडीच हजार डॉलर, विमान, टिप, ग्रीन टॅक्स (पर्यटकांवरचा सरकारी कर) वेगळं. डॅनसारखा (डायव्हर्ससाठीची संस्था) डाइव्ह इन्शुरन्स घ्याच. आणि बोट निवडताना लोक फक्त सनडेकचे फोटो बघतात, तुम्ही हे विचारा: रात्री जागा पहारा असतो का, केबिनमधून बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, कॅमेरा-टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला रात्री आग लागून ३४ जण गेले, पहाऱ्यावर कोणी जागं नव्हतं. या तीन प्रश्नांना ऑपरेटर "डोंट वरी" म्हणाला तर दुसरी बोट बघा.